रांग सोडायची नाही

४ मार्च

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस. मला जे विचारायचं आहे त्यात रचून चालणार नाही.

लिफ्टवाल्यानं, म्हणजे आमच्या घरच्यानं, जाहीर केलंय की मे महिन्यात भिंगरीला घेऊन तुझ्याकडे यायचं आणि तुझ्या घरामागच्या डोंगरावर थेट खिंडीपर्यंत चढायचं. हा माणूस दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, दहाव्या मजल्यावर पाय लोंबकळत सोडून डबा खातो. त्याला उंचीचं काय? तो म्हणतो, मुलगी साडेचार वर्षांची झाली आणि आजवर ती चढलेली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे धुण्याचं मशीन. मी म्हटलं, तेही माझ्या डोळ्यांदेखत नाही.

तर मला नक्की माहिती हवी आहे. वाट किती रुंद आहे? (माझ्या पावलांनी सांग, तुझी मोठी आहेत.) कठडा आहे का? मागच्या दहा वर्षांत तिथं किती मुलं घसरली आणि ती किती वर्षांची होती? धुकं साधारण किती वाजता येतं?

हसू नकोस म्हणत नाही. आमच्या रुग्णालयातल्या औषधांच्या खोलीतही हसतात. तिथं नियम आहे की एकीनं यादी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं बाटली बघून बरोबरची खूण करायची आणि मग दोघींनी सह्या करायच्या. मी हे सगळं झाल्यावर आणखी एकदा वाचायला लावते. माझ्या जोडीदारणीनं माझं नाव 'पुन्हाएकदा' ठेवलंय. दुरून डोंगर साजरे ही लोकांसाठी म्हण आहे, माझ्यासाठी आयुष्याचं धोरण आहे.

पण तुला तरी कारण सांगायला नको. सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. त्या टेबलावर मी पन्नास वेळा लिहिलेली ओळ अजून माझ्याकडे आहे: 'रांग सोडायची नाही.' त्याच डोंगरावर मी रांग सोडली आणि बाबांना मला शोधायला दोन तास लागले. लग्न करून निघाले तेव्हा दागिन्यांचा डबा विसरले होते, ती वही विसरले नव्हते.

आता माझ्या पोटी जी आली आहे ती दात घासायला जातानाही रांग सोडते. तूच सांग काय करू.

तुझी,
पुन्हाएकदा


१२ मार्च

चि. पुन्हाएकदा हीस,

अनेक आशीर्वाद. नाव छान आहे, मी आता हेच वापरणार.

वाट एक गाय जाईल एवढी रुंद आहे आणि गाई रोज जातात. कठडा नाही. गाईंनी अजून मागितलेला नाही. मुलं घसरल्याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण ती घसरतात, हसतात आणि वर चढून पुन्हा घसरतात. धुक्याकडे घड्याळ नसतं.

बरोबर आण: मूल, न चावणारे बूट, पाणी, आणि एक न घाबरणारा माणूस. तो तुझ्याकडे आहे, त्याला जपून आण. बाकी काही नको. फारच धाकधूक वाटत असेल तर आधी तुमच्या गावातल्या एखाद्या टेकडीवर सराव करा.

त्या जुन्या दिवसाचं काय घेऊन बसलीस? वहीला आता बुरशी लागली असेल, टाकून दे.

माझा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी सहा अंगं दुखताहेत, तेव्हा हा नमस्कार खरा धर.

काल सराव झाला. टेकडी आमच्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. मी चौसष्ट वस्तूंची यादी केली होती. (तू चार सांगितल्या होत्यास, मी फक्त विस्तार केला.) वाचणारी मी. पण खूण करायला दुसरं माणूस हवं, आणि लिफ्टवाला सकाळीच कुठल्याशा इमारतीत अडकलेल्या वकिलाला सोडवायला गेला होता. म्हणून मी पेन्सिल भिंगरीच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. पण मी वस्तूचं नाव घेईन, ती पिशवीत बघेल आणि खूण करेल, असं मी गृहीत धरलं. शाळा-कॉलेज मिळून सतरा वर्षं शिकलेली बाई मी.

भिंगरीला खुणा करायला आवडतं. मी 'पाण्याची बाटली' म्हटलं, तिनं खूण केली. मी 'दुसरी पाण्याची बाटली' म्हटलं, तिनं आधीपेक्षा मोठी केली. चौसष्टपैकी चौसष्ट. इतकी स्वच्छ यादी मी नोकरीतसुद्धा पाहिलेली नाही. मी खाली सहीसुद्धा केली.

टेकडीवर पोचल्यावर पिशवीत निघालं ते असं: तापमापक, तीन रुंदींच्या बँडेजच्या पट्ट्या, दोन शिट्ट्या, छत्री, मेणबत्त्या आणि भिंगरीनं आपल्या मनानं घातलेलं इस्त्रीचं झाकण. इस्त्रीला झाकण असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पाणी नव्हतं.

आणि दोरी. आता सांगतेच. कपडे वाळत घालायची दोरी, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या. अर्ध्या वाटेवर भिंगरी एका झाडाच्या डावीकडून गेली आणि मी उजवीकडून. पुढं काय झालं ते भौतिकशास्त्र आहे. मी पालथी पडले, ती माझ्या पाठीवर बसली आणि म्हणाली, "आई, तू रांग सोडलीस." तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी आम्हाला ओलांडून पुढं गेल्या. दोन वस्त्यांमधला तो त्यांचा रोजचा जवळचा रस्ता आहे. माझ्या सामानाकडे बघून त्यांनी विचारलं, इथं राहायला आलात का. पाणीही त्यांनीच पाजलं. लिफ्टवाला तोवर येऊन पोचला होता. तो हसून हसून रस्त्यात बसला.

इथपर्यंतचं मी तुला हसवायला लिहिलं. पुढचं तसं नाही.

वर एक बाक आहे, तिथून आमची गल्ली दिसते. मला वाटलं भिंगरी धावत सुटेल. ती बाकाचा पाय धरून बसली. दोरी सोडली तरी हलेना. मग हळूच म्हणाली, "आई, इथून मुली हरवतात ना?"

मीच सांगितलं होतं. आठवडाभर रोज जेवताना, माझी गोष्ट, शहाणपण यावं म्हणून. अति शहाणी मी. कालपासून ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायलाही विचारते, जाऊ का. धुण्याच्या मशीनकडे बघतसुद्धा नाही. लिफ्टवाला तिला खांद्यावर घेऊन खाली उतरला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून मेचं येणं रद्द करते आहे. तिनं माझं नाक घेतलंय, हट्ट घेतलाय, हे तिसरं घेऊ नये. डोंगरच दाखवला नाही तर भीती तरी कशाची वाटेल? मी चुकत असेन तर सांग.

तुझी,
पुन्हाएकदा


८ एप्रिल

चि. पुन्हाएकदा,

आशीर्वाद. रद्द करू नकोस, निदान एवढ्यात नको. आधी मला एक कळव. भिंगरीला तू ती गोष्ट नेमकी काय सांगितलीस? तुझ्या औषधांच्या यादीसारखी, शब्दन् शब्द लिही.

इस्त्रीला झाकण नसतं. ते कुकरच्या शिट्टीचं असेल.

आत्या


१५ एप्रिल

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. सांगितल्याप्रमाणे लिहिते.

"एक मुलगी होती. ती बाबा आणि आत्याबरोबर डोंगरावर गेली. बाबा पुढं, मुलगी मधे, आत्या शेवटी. बाबांनी सांगितलं होतं, रांग सोडायची नाही. पण मुलीला एक लाल किडा दिसला. तिनं रांग सोडली आणि किड्यामागे गेली. मग धुकं आलं. मुलगी गाईंच्या हौदापाशी एकटी बसून राहिली. दोन तासांनी बाबांना ती सापडली. मुलगी म्हणाली, मी चुकले. मग तिनं पन्नास वेळा लिहिलं आणि परत कधीच रांग सोडली नाही."

एवढंच. लिहून झाल्यावर सवयीनं मी ते तपासलं, तर एका ठिकाणी अडले. तू माझ्या मागे होतीस. मागच्या माणसाला पुढचा दिसतो. मग मी वळले ते तुला कसं दिसलं नाही? औषधांच्या खोलीत असं काही निघालं असतं तर मी ती अख्खी यादी परत पाठवली असती.

मग विचार केला, मी फारच जोरात पळाले असणार. म्हणजे माझी चूक मला वाटत होती त्याहून मोठी आहे. तुला केवढा घोर लागला असेल, हे मी आजवर कधी विचारलंच नाही. त्याबद्दलही माफ कर.

तुझा गुडघा कसा आहे? या वेळी विचारते आहे.

तुझी,
पुन्हाएकदा


२४ एप्रिल

चि. पुन्हाएकदा,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडायला कागद उरला नाही, म्हणून पाठवते.

तुझी यादी तू परत पाठवायला हवी होतीस. मी तुझ्या मागे नव्हते.

त्या दिवशी माझ्या पायात नवे बूट होते. दादा, म्हणजे तुझा बाबा, म्हणाला होता, नवे बूट घालून डोंगर चढू नये. मी भूगोल शिकवणारी बाई, मला डोंगराबद्दल कुणी सांगायचं? दुसऱ्या वळणावर दोन्ही टाचा सोलून निघाल्या. दादा पुढं गेला होता. त्याला कळलं असतं तर आयुष्यभर ऐकवलं असतं. म्हणून मी, दोन वाटा फुटतात तिथं, डोंगराकडे पाठ करून एका दगडावर बसले आणि बूट काढले. तू माझ्यासमोर उभी राहिलीस. तू थांबली होतीस, हे नीट वाच. मी म्हटलं, तू हो पुढं, बाबाला गाठ, डावीकडे वळ. आणि हात केला तो माझा डावा. तो तुझा उजवा. तू शब्द सोडलास आणि हात धरलास, कारण टेबलावर मीच शिकवलं होतं की आत्या बोट दाखवेल तिकडं बघायचं.

उजवीकडची वाट हौदाकडे जाते. मी बूट घालून पाच मिनिटांनी डावीकडून निघाले. तू दादाजवळ असशील असं धरून चालले. तो भेटला तेव्हा त्याच्याजवळ तू नव्हतीस, आणि तोवर धुकं उतरलं होतं.

हौदापाशी सापडलीस तेव्हा तू खडे एका रांगेत मांडत बसली होतीस. रडत नव्हतीस. दादा संतापलेला. त्यानं विचारलं, का गेलीस? मी तोंड उघडणार एवढ्यात तू म्हणालीस, मी चुकले, मला लाल किडा दिसला. आपल्या घरात आधी चूक कबूल करणाऱ्याला कमी बोलणी बसत, हे तुला सातव्या वर्षी कळलं होतं. मला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं, तरी मी गप्प राहिले. किडा तू हौदापाशीच पाहिला असशील. आणि घरी आल्यावर पन्नास वेळा लिहायला लावलं ते दादानं नाही, मी. शिक्षा झाली की चूक पक्की होते ना, म्हणून.

तू रांग सोडली नाहीस. रांगेनं तुला सोडलं.

वही टाक म्हणत होते ती बुरशीमुळे नव्हे, हे आता कळलंच असेल. दादा गेला, त्याला सांगायचं राहिलं. तुझंही राहिलं असतं. पण तुझी लेक बाकाचा पाय धरून बसली हे वाचलं आणि मला बसवेना.

पलंगावर चादर घालून ठेवली आहे. आलात तर या.

आत्या


८ मे

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी अजून मी वाकलेली नाही.

तुझं पत्र मिळून अकरा दिवस झाले. पहिले तीन दिवस मला राग आला. मला रागाची सवय नाही, त्यामुळे तो कसा करायचा ते कळेना. मी घरातली सगळी कपाटं पुसली. लिफ्टवाला म्हणाला, आत्यावर आणखी चिडायचं असेल तर पंखेही राहिलेत.

चौथ्या दिवशी वही काढली. तेविसाव्या ओळीत मी एक शब्द गाळला होता. तू तो लाल पेन्सिलनं वर लिहिला आहेस. तेवढं बघायला तुला डोळे होते. हे लिहून टाकलं, आता परत काढणार नाही.

पाचव्या दिवशी भिंगरीला दुरुस्त केलेली गोष्ट सांगितली. बूट, दगड, डावा हात, सगळं. तिनं घास तोंडात धरून ऐकलं आणि विचारलं, "मग आत्याआजीला पन्नास वेळा कुणी लिहायला लावलं?" मी म्हटलं, कुणीच नाही. तिला ते पटलं नाही. जेवण टाकून ती धुण्याच्या मशीनवर जाऊन बसली. मी बघितलं आणि खाली उतर म्हणाले नाही. एवढं मला अजून कुठल्याच कामात जमलेलं नाही.

आम्ही १७ तारखेला येतोय. अट एकच. रांगेत शेवटी तू. जुने बूट घालून.

तुझी,
पुन्हाएकदा


२६ मे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. या वेळी आठही अंगांनी.

तू ही हकीकत आता गावभर सांगणार हे मला माहीत आहे, म्हणून तपासलेली प्रत पाठवते. त्यातला मधला भाग तू पाहिलेला नाहीस.

भिंगरी पुढं, तिच्या मागे लिफ्टवाला, मग मी, मग तू. पहिल्या वळणापर्यंत तिनं बापाचं बोट सोडलं नव्हतं. तिथं वाटेत गाय बसली होती. बोट धरून गाईला वळसा घालता येईना, म्हणून तिनं सोडलं, आणि मग परत धरायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मी नवऱ्याला खूण केली, धर. त्यानं मला खूण केली, गप्प. प्रत्येक वळणावर ती "सगळे आहेत का?" ओरडायची आणि तुला ऐकू जायचं नाही, म्हणून मी मागे वळून तुला सांगायचं आणि तुझं उत्तर पुढं पोचवायचं. दोन तास मी टपाल खातं चालवलं.

दोन वाटांपाशी तू त्याच दगडावर टेकलीस. मीच म्हटलं होतं, गुडघ्याला विश्रांती दे. ते दोघं वर गेले. आणि मी उजवीकडे वळले. कुणालाही न सांगता. नुसतं दहा पावलं जाऊन बघायचं, एवढंच मनात होतं.

आत्या, तो हौद केवढासा आहे. माझ्या आठवणीत तळं होतं. मी काठावर टेकले आणि परत निघाले, तर गाईंच्या दोन सारख्याच वाटा. चौसष्ट वस्तूंची यादी करणारी बाई, भर दुपारी, स्वच्छ उन्हात, घरापासून दीड तासावर हरवली. मग मला जे एकच येतं ते मी केलं. बसून राहिले. वरून "सगळे आहेत का?" अशी हाक आली, आणि मी उत्तर दिलं नाही, कारण मी आहे की नाही हे खात्रीनं सांगता येईना.

घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. तुम्ही तिघं आलात, भिंगरी सगळ्यांच्या पुढं, एकटी. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "हलली नाहीस ना? शाबास." मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं 'मी चुकले' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तू, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत म्हणालीस, "चुकले मी. मागे मी होते."

लिफ्टवाला उगाच गाईंकडे बघत राहिला.

आता तपासणीचं सांगते. या वेळी चूक शंभर टक्के माझी होती. तुला बसवलं मी, न सांगता वळले मी. नियमाप्रमाणे तुझं वाक्य मी तिथल्या तिथं दुरुस्त करायला हवं होतं. मी केलं नाही. ते मला हवं होतं.

खिंडीत भिंगरी पाणी प्यायली (तीन बाटल्या होत्या, मी हात लावून मोजल्या होत्या) आणि तिनं पलीकडच्या डोंगराकडे बोट करून विचारलं, त्याच्यावर कधी जायचं. मी म्हटलं, बघू. मला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

निघताना तिनं तुला सांगितलेली शिक्षा गंमत समजू नकोस. ती रोज टपालाची पेटी उघडून बघते.

तुझी,
पुन्हाएकदा


९ जून

चि. पुन्हाएकदा,

आशीर्वाद. भिंगरीबाईंना सांग, शिक्षा पुरी केली आहे. सोबत जोडते. ओळ मी निवडली: 'पुढच्या माणसावरची नजर काढायची नाही.' गुडघ्यापेक्षा हात जास्त दुखतोय. सदतीस वर्षं मी मुलांना पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावलं. पन्नास म्हणजे केवढे असतात हे आज कळलं.

तुझ्या तपासलेल्या प्रतीत एक दुरुस्ती आहे. मधला भाग मी पाहिलेला नाही असं तू लिहिलंस. त्या दगडावरून हौद दिसतो. धुकं नसलं की स्वच्छ दिसतो. तू वळलीस ते मी पाहिलं. हाक मारली नाही, कारण तुला जायचं होतं. अकराही मिनिटं मी तुझ्यावरची नजर काढली नाही. तू बसूनच राहिलीस तेव्हा वर त्या दोघांना हात केला, तोही तुझ्याकडे बघतच.

दुरुस्ती करून घे.

आत्या


१६ जून

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. दुरुस्ती केली.

तुझे कागद मिळाले. भिंगरीनं पेन्सिल घेऊन सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या, प्रत्येक खूण आधीपेक्षा मोठी. शेवटची पानाबाहेर गेली आहे. मग तिनं कागद माझ्याकडे दिला, कारण दुसरी सही माझी लागते.

मी मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. सत्तेचाळीस आहेत.

सही केली आहे.

तुझी,
पुन्हाएकदा